एचबी ४ असून माणूस चालतो-फिरतो कसा, आणि मग रक्त एवढं हळू का चढवायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आत्या ४६ वर्षांच्या, दिंडोरीकडे द्राक्षबाग, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ४.२ आलंय. तरी परवापर्यंत बागेत जात होत्या, स्वयंपाक-धुणं सगळं चालू, फक्त जिना चढताना धाप लागते आणि संध्याकाळी पायावर सूज येते. नाशिकला आणल्यावर डॉक्टरांनी लगेच ॲडमिट केलं, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, त्यात 'हार्ट थोडं मोठं' निघालं, आणि आता रक्त देतायत तर रोज एकच पिशवी, ती पण चार-चार तास लावून आणि वर लघवीचं इंजेक्शन. तुमचं म्हणणं असं की रक्त एवढं कमी आहे तर तीन पिशव्या एकदम देऊन मोकळं का करत नाहीत, बिल वाढवायला दिवस काढतायत का? ऑक्सिजन ९८ दाखवतोय मग घाई कसली होती? आणि हार्टचं हे नवीन लफडं कुठून आलं? त्यात ऑक्टोबर छाटणी तोंडावर, म्हणून आत्या म्हणतायत मला घरी सोडा.

मी नाशिकला २२ वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतेय. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, निफाड, सगळीकडून पेशंट येतात, आणि एचबी ३ किंवा ४ घेऊन स्वतःच्या पायाने एसटीतून उतरून ओपीडीत आलेल्या बायका मी इतक्या बघितल्यात की आता आश्चर्य वाटत नाही, काळजी मात्र वाटते. तुमच्या आत्यांना मी तपासलेलं नाही, रिपोर्टही तुम्ही लिहिलेत तेवढेच माहीत आहेत, त्यामुळे औषधाचा निर्णय तिथले डॉक्टरच घेणार. पण तुमचे चारही प्रश्न खरं तर एकच आहेत. आत्या एवढ्या कमी रक्तावर चालत्या-फिरत्या कशा राहिल्या हे एकदा कळलं की पिशवी हळू का, सूज कशाची, हार्ट मोठं का, सगळ्याची उत्तरं त्यातच मिळतात.

आधी थोडा हिशेब करू, आकडे गोल करून. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. बाईचं एचबी १२ असेल तर १०० मिली रक्तात १६ मिलीच्या आसपास ऑक्सिजन झाला. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फेकतं, म्हणजे मिनिटाला ८०० मिली ऑक्सिजन शरीरात फिरतो, आणि नुसतं बसून असताना शरीराला लागतो सव्वादोनशेच्या आसपास. बाकीचा तसाच परत येतो. म्हणजे देवाने शिल्लक भरपूर ठेवलीय. आता ४.२ चा हिशेब करा. १०० मिलीत साडेपाच मिली, पाच लिटरला २७५. लागतो सव्वादोनशे. कागदावर पुरतोय असं वाटतं, पण प्रत्यक्षात पुरत नाही, कारण पेशी रक्तातला ऐंशी टक्के ऑक्सिजन ओरबाडून घेऊ शकत नाहीत, आणि आत्या काही नुसत्या बसून नाहीयेत, त्या बागेत वाकून काम करतायत आणि घरी येऊन भाकरी थापतायत. मग हा खड्डा भरला कोणी?

त्याआधी ते ९८ बघू, कारण ह्या आकड्याने कोविडनंतर घराघरात फार घोळ घातलाय. गिरणाऱ्याहून पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटो चाललेत असं समजा. रोज १२ पिकअप जायच्या, आता चारच उरल्यात. नाक्यावर उभा राहिलेला माणूस आलेली प्रत्येक गाडी बघून म्हणतो, 'गाडी फुल्ल भरलीय, ९८ टक्के.' खोटं नाही बोलत तो. पण मार्केटला कॅरेट किती पोचले हे त्याला कोणी विचारलंच नाही. बोटाला लावायचं ते मशीन म्हणजे हा नाक्यावरचा माणूस. जेवढं हिमोग्लोबिन आहे ते किती भरलंय एवढंच ते सांगतं, मुळात हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. ॲनिमियात, म्हणजे एचबी कमी असतं तेव्हा, फुप्फुसं चांगलीच असतात, त्यामुळे ९८ येणारच, एचबी ३ असलं तरी येणार. आणि म्हणूनच नुसता ऑक्सिजन लावून ह्यात फार फरक पडत नाही, गाड्या आधीच भरलेल्या आहेत.

तर खड्डा कसा भरतो. पहिली गोष्ट, गाड्या कमी झाल्या की प्रत्येक गाडीतून जास्त माल उतरवून घ्यायचा. एरवी रक्त परत येतं तेव्हा तीन चतुर्थांश ऑक्सिजन तसाच असतो, आता एकूण ऑक्सिजनातला निम्मा काढून घेतला जातो. ह्याला लाल पेशी स्वतः मदत करतात, त्यांच्यात टू-थ्री डीपीजी नावाचं एक रसायन वाढतं आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवायच्या ऐवजी सहज सोडायला लागतं. ह्याला काही तास ते काही दिवस लागतात आणि हृदयावर ह्याचा काहीच भार पडत नाही, फुकटात मिळालेला फायदा म्हणा. एचबी १२ चं ९ झालं तर बहुतेकांचं भागतं ते ह्याच्यावरच, म्हणून नऊवाल्या बायकांना आपल्याला काही झालंय हेच माहीत नसतं, 'जरा थकवा वाटतो' एवढंच.

दुसरी गोष्ट, वाटणी बदलते. कातडीकडे, आतड्याकडे, मूत्रपिंडाकडे जाणारा वाटा कमी करून मेंदू आणि हृदयाला आधी. हात गार, चेहरा पिवळट पांढरा, त्यात अर्धा हिशेब रंग कमी असल्याचा आणि अर्धा कातडीचं रक्त काढून घेतल्याचा. म्हणून नुसतं तोंड बघून एचबीचा अंदाज बांधू नये, डोळ्याची खालची पापणी, जीभ आणि तळहाताच्या रेषा बघाव्यात, आणि तरीही चुकतो, मी पण चुकते.

पण एचबी ७ च्या खाली जायला लागलं की ह्या दोन्हींनी भागत नाही. मग तिसरा गडी उतरतो, हृदय. मिनिटाला ७२ ठोके आणि दर ठोक्याला ७० मिली, म्हणजे ५ लिटर. आत्यांची नाडी तुम्ही १०४ लिहिलीय. दर ठोक्याला ८० मिली धरलं तर झाले ८ लिटरच्या वर. आता ऑक्सिजन मोजा, २७५ चा झाला साडेचारशेच्या आसपास, त्यातला निम्मा काढला की सव्वादोनशे. हिशेब जमला! आत्या चालत्या-फिरत्या आहेत त्या ह्या जमलेल्या हिशेबावर. आता ह्याची किंमत बघा, ५ लिटरने दिवसाला ७,२०० लिटर रक्त फेकलं जातं, ८ लिटरने साडेअकरा हजार. पाण्याच्या दहा हजारी टँकरपेक्षा जास्त, रोज, झोपेतसुद्धा, आणि हे काम करणारा स्नायू मुठीएवढा. आत्या खुर्चीत बसलेल्या असतात तेव्हा त्यांचं हृदय जिना चढत असतं असं म्हटलं तरी चालेल. त्यामुळे खरा जिना चढायची वेळ आली की वाढवायला फारसं काही उरलेलंच नसतं, आणि धाप लागते.

आता ह्या सगळ्यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट, आणि तुम्ही बागायतदार आहात म्हणून तुम्हाला ती माझ्यापेक्षा लवकर कळेल. हृदय एकटं काही ८ लिटर फेकू शकत नाही, समोरून वाट मोकळी लागते. ॲनिमियात ती दोन कारणांनी मोकळी होते. एक म्हणजे लाल पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होतं, खरंच पातळ, म्हणजे काकवीसारखं होतं ते ताकासारखं वाहायला लागतं. आणि दुसरं, ज्या भागाला ऑक्सिजन कमी पडतो तिथल्या बारीक रक्तवाहिन्या स्वतःहून रुंद होतात. त्यात भर म्हणजे रक्तवाहिन्या सैल सोडणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू एरवी हिमोग्लोबिन शोषून घेतं, हिमोग्लोबिनच कमी तर तो जास्त वेळ टिकतो. ह्या सगळ्यामुळे अडथळा कमी, प्रवाह जास्त. म्हणूनच आत्यांचं बीपी ११०/५० आहे, वरचा आकडा बरा आणि खालचा एकदम खाली. नाडीवर बोट ठेवलं तर टणाटण उडते. छातीला स्टेथो लावला की वेगाने जाणाऱ्या रक्ताचा सूं सूं आवाज येतो, त्याला घाबरून लोक झडप खराब आहे म्हणून धावतात, बऱ्याचदा तो आवाज एचबी वाढल्यावर आपोआप जातो.

पण ठिबकच्या सगळ्या लाइनी एकदम उघडल्या की काय होतं तुम्हाला माहीत आहे. मोटर फुल्ल चालू, पाणी भरपूर, आणि तरी पाइपातलं प्रेशर पडतं आणि शेवटच्या झाडाला वाटतं पाणीच आलं नाही. शरीरात हे शेवटचं झाड म्हणजे मूत्रपिंड. त्याला रक्ताची टंचाई आहे की रक्तवाहिन्या सैल पडल्यात हा फरक कळत नाही, त्याला फक्त प्रेशर कमी झालेलं कळतं. मग ते आपलं ठरलेलं काम करतं, मीठ आणि पाणी धरून ठेव, लघवीतून सोडू नको, आणि प्रेशर वाढवणारी हार्मोन्स सोड. शेजारीच ते एरिथ्रोपोएटिन पण सोडतं, हाडातल्या मज्जेला सांगतं की लाल पेशी बनव, पण कच्चा मालच नसेल, लोह नसेल तर मज्जा काय बनवणार. पाणी मात्र साठत राहतं. पायावरची सूज ती हीच. चंदीगडच्या पीजीआय ह्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये १९९३ साली ह्याच्यावर फार सुंदर काम झालंय, तीव्र ॲनिमियाने सुजलेल्या पेशंटमधलं पाणी, मीठ, हार्मोन्स, हृदयाचं आउटपुट सगळं मोजलं त्यांनी, आणि हेच चित्र दिसलं. हृदय फेकतंय भरपूर, तरी शरीर वागतंय हार्ट फेल झाल्यासारखं.

म्हणजे बघा, आत्यांच्या अंगात लाल पेशी कमी आहेत पण पातळ भाग वाढून एकूण रक्ताची टाकी भरलेलीच आहे, कदाचित काठोकाठ. आपण 'रक्त कमी आहे' म्हणतो आणि डोळ्यासमोर अर्धी रिकामी टाकी येते. तुमच्या प्रश्नातली सगळी गडबड त्या एका शब्दात आहे.

आता पिशवीचं सांगते. टाकी काठोकाठ भरलीय, मोटर महिनोन्महिने ओव्हरलोडवर चाललीय, आणि त्यात तुम्ही तीनशे-साडेतीनशे मिलीची एक अशा तीन पिशव्या, म्हणजे जवळजवळ एक लिटर, दोन-तीन तासात ओतलं तर ते जाणार कुठे? मागे तुंबणार, आणि हृदयाच्या मागे फुप्फुसं आहेत. त्यात नवीन रक्ताने पातळपणा पण कमी होतो, अडथळा थोडा वाढतो, तोही त्याच क्षणी.

हे मी पुस्तकातून नाही शिकले. शिकाऊ डॉक्टर असताना, हॉस्पिटलचं नाव जाऊ द्या, माझ्या रात्रपाळीत एक ताई होत्या, एचबी तीन पॉइंट काहीतरी. संध्याकाळी दोन पिशव्या मिळाल्या, नातेवाइकांनी मोठ्या मुश्किलीने आणलेल्या, आणि मलाही तुमच्यासारखंच वाटलं की एवढं कमी आहे तर लवकर देऊन टाकू, पहिली दीड तासात संपवली आणि दुसरी लगेच लावली. पहाटे तीनला सिस्टर पळत आली. ताई उठून बसलेल्या, खोकल्यातून गुलाबी फेस, घामाने ओल्या, ९८ चं ७४ झालेलं. पिशवी बंद केली, पाय खाली सोडून बसवलं, लॅसिक्स म्हणजे ते लघवीचं इंजेक्शन, ऑक्सिजन, सिनियरला उठवलं. वाचल्या त्या. सिनियर मला ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, 'एवढ्या महिन्यांत तिने जे कसंबसं जमवलं होतं ते तू एका रात्रीत मोडलंस.' तेव्हापासून अशा पेशंटला पहिली पिशवी लागली की मी स्वतः श्वासाचा वेग मोजते.

त्यामुळे एका वेळी एकच पिशवी, फक्त पॅक्ड सेल म्हणजे घट्ट लाल पेशी, साडेतीन-चार तासात. चार तासांच्या वर नाही, कारण फ्रीजबाहेर जास्त वेळ राहिलं तर जंतू वाढायची भीती. सोबत पाणी काढायला लॅसिक्स, हे मात्र प्रत्येकाला लागतंच असं नाही, सूज आणि धाप बघून ठरवतात. पहिली पंधरा मिनिटं कोणीतरी जवळ थांबायचं, थंडी वाजली, खाज सुटली, पाठ दुखली तर लगेच सांगायचं. एका पिशवीने एचबी साधारण १ ग्रॅमने वाढतं. आणि १२ पर्यंत रक्तानेच न्यायचं नसतं, मी तरी नेत नाही. ७ च्या आसपास आलं, धाप कमी झाली, नाडी खाली आली की रक्त बंद, पुढचं काम लोहाचं. म्हणजे आत्यांना दोन-तीन पिशव्या दोन-तीन दिवसांत, हे मला तरी बरोबर वाटतंय. बिलाबद्दल मी काही बोलू शकत नाही, पण ह्या कारणासाठी हॉस्पिटलवर शंका घेऊ नका.

इकोचं. तुम्ही रिपोर्ट लिहिलाय, ईएफ ६५ टक्के, डावा कप्पा किंचित मोठा, झडपेतून थोडी गळती. ईएफ म्हणजे कप्प्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर फेकलं जातं ते, ६५ म्हणजे आकुंचन चांगलं आहे, पंप थकलेला नाही. रोज जास्त रक्त घेऊन जास्त फेकायचं तर कप्पा ताणून मोठा होणारच, आणि कप्पा ताणला की झडपेची दारं नीट मिटत नाहीत, थोडं गळतं. आजार रक्ताचा आहे, हृदय फक्त त्याचा बोजा वाहतंय. ४६ वय, शुगर नाही, छातीत दुखत नाही, तर अँजिओग्राफीचा विचार आत्ता कशाला? एचबी ११ च्या वर गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी इको परत करा, बहुतेक वेळा कप्पा मूळच्या मापावर आलेला असतो. नाही आला तर मग शोधायचं.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल की शरीराने एवढं छान जमवलंय तर राहू द्या, छाटणी झाल्यावर बघू. नका. कारण ह्या व्यवस्थेत एक जागा फार नाजूक आहे आणि ती म्हणजे हृदय स्वतः. बाकीचे अवयव रक्तातला पाव हिस्सा ऑक्सिजन वापरतात, हृदय आरामातच सत्तर टक्क्यांच्या वर काढून घेतं. म्हणजे 'गाडीतून जास्त माल उतरवून घे' ही सोय त्याला नाहीच, त्याला जास्त ऑक्सिजन हवा तर रक्तच जास्त यायला पाहिजे. आणि हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, नाडी १०४ झाली की तीच विश्रांती कमी होते. ज्याच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत तो निभावून नेतो, म्हणून आत्यांसारख्यांचं हृदय एचबी ५ च्या आसपास येईपर्यंत तक्रार करत नाही. पण साठीचे काका, शुगर, तंबाखू, एका नळीत ब्लॉकेज, त्यांच्या छातीत ७.५ ला दुखायला लागतं. अशा काकांना मी ८ च्या खाली जाऊ देत नाही. गरोदर बाईचा हिशेब आणखी वेगळा, तिची टाकी आधीच वाढलेली असते, आणि बाळंतपणानंतर गर्भाशय आकसलं की तिथलं रक्त एकदम मुख्य प्रवाहात येतं, ॲनिमिया असलेल्या बाईला सगळ्यात धोक्याचा तास तोच. म्हणून 'किती एचबीला रक्त द्यायचं' ह्याला सगळ्यांसाठी एक आकडा नाही, कोणी कितीही ठामपणे सांगितलं तरी.

आणि वेग. आत्यांचं एचबी दीड-दोन वर्षांत हळूहळू उतरलं असणार, म्हणून शरीराला सगळं जमवायला वेळ मिळाला. तेच इथे नाशिकला द्वारकेच्या चौकात अपघात होऊन दोन लिटर रक्त गेलं तर गोष्ट पूर्ण उलटी असते, तिथे टाकीच रिकामी झालेली असते, नळ्या सैल पडायच्या ऐवजी आवळल्या जातात, बीपी कोसळतं आणि गंमत म्हणजे पहिल्या तासात एचबी ११ सुद्धा दिसू शकतं, कारण उरलेलं रक्त तेवढंच घट्ट असतं. तिथे भराभर पिशव्या द्याव्याच लागतात. तुम्ही टीव्हीत किंवा अपघाताच्या पेशंटला बघितलं असेल ते हे, आणि मग वाटतं आपल्या पेशंटला का नाही. १९९८ साली सॅन फ्रान्सिस्कोत धडधाकट माणसांवर एक प्रयोग झाला होता, रक्त काढून तेवढाच द्रव परत देत, म्हणजे टाकी भरलेली ठेवून, एचबी ५ पर्यंत नेलं. शरीराला ऑक्सिजन कमी पडल्याची खूण दिसली नाही, नाडी आणि आउटपुट वाढवून भागवलं त्यांनी. पण नंतरच्या प्रयोगात ५-६ वर त्यांची बुद्धीची कामं थोडी संथ झालेली आढळली, एचबी वाढवल्यावर परत ठीक. आत्यांना विचारा, हल्ली हिशेबात चुकायला होतं का, गॅसवर काय ठेवलं ते विसरायला होतं का. बऱ्याच बायका हो म्हणतात आणि वयावर ढकलतात.

एक गोष्ट कळकळीने. गावाकडे अशक्तपणा म्हटलं की 'एक सलाइन लावा, ताकद येईल' असं म्हणायची पद्धत आहे. काठोकाठ भरलेल्या टाकीत आणखी मीठ-पाणी. ४ एचबीवाल्या पेशंटला गावात दोन सलाइन लावून धाप लागल्यावर रात्री इकडे आणलेलं मी एकदा नाही, बरेचदा बघितलंय. तसंच बीट, खजूर, डाळिंब खा, चांगलंच आहे, पण बिटाच्या लाल रंगाचा रक्ताशी संबंध नाही आणि ४ चं १२ त्याने होत नाही.

आता मुळाकडे या, कारण रक्त गेलं कुठे हे नाही शोधलं तर सहा महिन्यांनी परत इथेच याल. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, ६१ लिहिलंय तुम्ही, म्हणजे पेशी लहान, बहुधा लोहाची कमतरता. ह्या वयात पहिला संशय पाळीवर. आत्याला तुम्ही भाचा म्हणून विचारू शकणार नाही, ती पण सांगणार नाही, तुमच्या आईला किंवा बायकोला विचारायला सांगा, किती दिवस जातं, गाठी पडतात का, रात्री उठून बदलावं लागतं का. 'पाळी जायच्या वयात असंच होतं' हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय आणि त्यातल्या कितीतरी जणींना सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निघालाय. हेही विचारा की पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का. हसू नका, लोह कमी असल्याची ती ओळखीची खूण आहे आणि बायका लाजून लपवतात. शौचाला काळी होते का, मूळव्याध आहे का, तेही बघायचं. रक्त देण्याआधी फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, रेटिक (नव्या लाल पेशी किती बनतायत), स्मिअर (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात) ह्याचं सॅम्पल काढून ठेवलंय का ते डॉक्टरांना विचारा, दुसऱ्याचं रक्त मिसळलं की हे रिपोर्ट गढूळ होतात.

पेशी मोठ्या असत्या, एमसीव्ही ११०-११५, तर मी माळकरी घर आहे का विचारलं असतं, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आणि दूधही कमी, तिथे बी१२ तळाला गेलेलं सापडतं. किंवा फोलेट, हेही बी गटातलंच जीवनसत्त्व. फोलेटचा शोध तर आपल्या मुंबईतला, १९२८ च्या सुमाराला ल्युसी विल्स नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होतो हे त्यांनी दाखवलं, त्यातला घटक म्हणजे फोलेट हे नंतर कळलं. पेठ-सुरगाण्याकडचा पेशंट असेल तर सिकल सेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी मी विसरत नाही. तुमच्याकडे हे काही दिसत नाही, पण बी१२ एकदा बघून घ्याच.

पुढे बहुतेक शिरेतून लोह देतील, नाहीतर गोळ्या. एका पिशवी रक्तात २००-२५० मिलीग्रॅम लोह असतं, आत्यांची तूट त्याच्या कितीतरी पट आहे, म्हणून रक्त देऊन झालं की विषय संपला असं नाही. गोळी चहाबरोबर नाही, चहाच्या आधी-नंतर एक-दीड तास सोडून, लिंबूपाणी चालेल. शौचाला काळी होणार, घाबरू नका. तीन-चार आठवड्यांत २ ग्रॅमच्या आसपास वाढायला पाहिजे, नाही वाढलं तर एकतर गोळ्या खाल्ल्या जात नाहीयेत किंवा गळती चालू आहे. एचबी नॉर्मल झाल्यावरही तीन महिने चालू ठेवायच्या.

आणि छाटणीचं. दोन पिशव्या झाल्या की आत्यांना इतकं हलकं वाटेल की म्हणतील मला काय झालंय, छाटलेल्या वेलींना पेस्ट लावायला बाया मिळत नाहीत, मला सोडा. ७ वर घरी सोडायला हरकत नाही, जिना आणि घरातलं हलकं काम करू द्या, पण बागेत नको, एचबी ९-१० होईपर्यंत मजूर लावा. सोनोग्राफी डिस्चार्जच्या आधी करून घ्या, नंतर डिसेंबरपर्यंत कोणी नाशिकला येत नाही हे मला २२ वर्षांत पाठ झालंय. रात्री आडवं झोपल्यावर धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडल्या किंवा सूज गुडघ्यापर्यंत चढली तर मात्र सकाळची वाट न बघता आणा.

आत्यांच्या उशाशी एक वही ठेवा आणि रोज सकाळी उठायच्या आधी नाडी मोजून लिहा. आज १०४ आहे. तिसऱ्या पिशवीनंतर किती झाली ते इथे कळवा, आणि सोनोग्राफीत काय निघालं तेही.